अकरा अहवाल

आमच्या त्रैमासिकात लेख छापून यायचा तर तो दोन परीक्षकांच्या तावडीतून सुटावा लागतो. परीक्षक कोण ते लेखकाला कळत नाही, लेखक कोण ते परीक्षकाला कळत नाही, आणि त्या दोघांना जे कळत नाही ते सगळं मला कळतं. मी सहसंपादक. बावीस वर्षं हेच करते आहे आणि या काळात माझा माणसांवरचा विश्वास बराच कमी झाला आहे. एकच फोटो आरशात उलटा करून दोन वेगवेगळ्या झाडांचा म्हणून देणारे पाहिलेत, दुसऱ्याचा लेख शब्द बदलून आपल्या नावावर खपवणारे पाहिलेत, आणि पकडल्यावर 'सहायकाकडून झालं' म्हणणारे तर उदंड पाहिलेत.

आमचा विषय परागकण. फुलातली ती बारीक पूड तळ्याच्या तळाशी गाळात हजारो वर्षं टिकते. तो गाळ काढायचा, काचपट्टीवर पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखून मोजायचा, म्हणजे त्या काळी तिथं कोणती झाडं होती ते सांगता येतं. वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात मान मोडेपर्यंत मोजत बसावं लागतं. या धंद्यात हुशारी थोडी कमी असली तरी चालतं, चिकाटी मात्र लागते.

परीक्षकांचं म्हणाल तर बहुतेक जण तीनदा आठवण केल्यावर दीड ओळ पाठवतात: 'लेख बरा आहे, छापण्यास हरकत नाही.' उरलेले स्वतःची हुशारी दाखवायला लेखकाची सालं काढतात. सर मात्र या दोन्हींत बसत नसत. सर म्हणजे या विषयातलं आमच्याकडचं सगळ्यात जुनं नाव, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झालेली. गेल्या चार वर्षांत त्यांनी आम्हाला अकरा अहवाल दिले होते. स्क्रीनवर वाचवत नाही, छापील प्रत पाठवा, एवढीच त्यांची अट. लेख गेला की अठराव्या-विसाव्या दिवशी टाइप केलेली चार पानं परत येत. त्यात 'पान सातवरच्या तक्त्यात एकूण तीनशे बारा हवेत, तीनशे दोन आहेत' असं असायचं आणि शेवटी हमखास एखादं वाक्य, 'लेखकाने गाळ फार काळजीपूर्वक काढला आहे, हे त्यांना जरूर कळवावे.' ते वाक्य कळवलं की लेखक मला रडके ईमेल पाठवायचे. संपादन म्हणजे काय ते मी त्या चार-चार पानांतून शिकले, हे आधीच सांगून टाकते.

अकराव्या अहवालात एक वेगळीच गोष्ट होती. एका लेखकाने सरांच्याच अडतीस वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लेखातले आकडे घेऊन त्यावर आपला सगळा डोलारा उभा केला होता. अहवालात लिहिलं होतं: 'ते आकडे वापरू नयेत. त्या मोजणीच्या दुपारी वीज गेली होती. नंतर मोजणी पहिल्यापासून सुरू केली, पण आधीची अर्धी मोजणीही चुकून त्यात मिळवली गेली. तिसरी काचपट्टी दीडपट मोजली गेली आहे.'

स्वतःची चूक, तीही कुणी न विचारता! मी ते पान घेऊन धावतच मुख्य संपादकांच्या खोलीत गेले. ऑफिसात त्यांना सगळे 'परिशिष्ट' म्हणतात, कारण कशालाही काहीतरी जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रालाही त्यांनी तळटीप दिली होती. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"असा माणूस विरळाच," ते म्हणाले. "पण आता त्या जुन्या लेखाची दुरुस्ती छापावी लागेल. आणि त्यावर लेखकाची सही लागेल. समक्ष जाऊन घेऊन या."

"टपालाने पाठवते की."

"समक्ष," ते म्हणाले. "अडतीस वर्षांनी कुणी खरं बोलतंय. आपण जिना चढायला हरकत नाही."

जिना तीन मजले होता. दार सरांनीच उघडलं. उंच, दाढी स्वच्छ केलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"या या. तुम्ही गॅसच्या ना?"

"नाही सर, मी त्रैमासिकाकडून आले."

"अरे वा!" त्यांना खरंच आनंद झाला. "कोणतं त्रैमासिक?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. मी हसले. तेही हसले, मला खुर्ची दिली आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "तुम्ही गॅसच्या ना?" तेव्हा कळलं, ही थट्टा नव्हती.

खिडकीपाशी एक टेबल होतं. त्यावर झाकण घातलेला सूक्ष्मदर्शक, टोक काढलेल्या पेन्सिली, टाइपरायटर, आणि समोरासमोर दोन खुर्च्या. सरांनी झाकण काढून मला यंत्र दाखवलं. "हे आमचं. यावर आमची ही मोजते. मी मोजलं की चुकतं. मला घाई असते. हिला नसते." मग जरा पुढे झुकून, गुपित सांगावं तसं म्हणाले, "तिच्यासारखं कुणी मोजत नाही. तुम्हाला म्हणून सांगतो."

सरांचे सगळे लेख मी वाचलेले आहेत. शेवटी आभार मानायची त्यांची पद्धत फार नेटकी. विद्यापीठाचे, ग्रंथपालाचे, अगदी तळ्यापर्यंत जीप नेणाऱ्या ड्रायव्हरचेही. 'ही' कुठेच नाही.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आत आल्या. हातात भाजीची पिशवी, बुटकी मूर्ती, नाकाच्या टोकावर चष्मा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या दुरुस्तीच्या कागदाकडे पाहिलं, आणि पिशवी खाली ठेवून आधी सरांच्या शर्टाची बटणं नीट लावली.

"फोन केला असतात तर मी थांबले असते," त्या म्हणाल्या.

"फोन केला की तुम्ही नेहमी सांगता, ते झोपलेत."

"हो. सांगते खरी."

त्यांनी चहा ठेवला. सर खिडकीबाहेर बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि विचारलंच, "काकू, अहवाल कोण लिहितं?"

"मी," काकू म्हणाल्या. त्यांनी आधणात चहाची पूड टाकली. मग म्हणाल्या, "पहिले दोन त्यांनी सांगितले, मी टाइप केले. नंतर वाचून दाखवायला लागले. ते ऐकायचे आणि सांगायचे. मग सांगणं कमी कमी होत गेलं."

"आणि आम्हाला कळवायचं राहून गेलं?"

"राहून गेलं नाही. कळवलं नाही."

खोटं बोलणाऱ्यांशी कसं वागायचं ते मला नीट माहीत आहे. इतक्या सरळ कबूल करणाऱ्यांशी कसं वागायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. मला राग आला होता, आणि तो काढायला समोर फक्त एक म्हातारी बाई कपात साखर ढवळत होती.

"काकू, ते न छापलेले लेख होते. अकरा लोकांनी विश्वासाने दिलेले. ते सरांच्या नावाने जात होते, तुमच्या नाही. असं चालत नाही."

"माहीत आहे मला."

"मग ती तिसऱ्या काचपट्टीची गोष्ट तरी कशाला लिहिलीत? लिहिली नसती तर मी इथं आलेच नसते."

"अगं, कुणी तरी बिचाऱ्याने आपला सगळा लेख त्या आकड्यांवर उभा केलाय. त्याला सांगायला नको?" त्यांना माझ्या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं. "मला तर ती पट्टी पहिल्यापासून खटकत होती. तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं. म्हणाले, एवढ्याने काय होतंय."

चहा झाल्यावर त्यांनी कपाट उघडून मोजणीच्या वह्या दाखवल्या. एकेचाळीस वह्या, सगळ्या काकूंच्या अक्षरात, तारीख, वेळ, पट्टीचा नंबर. ती दुपारही होती: 'वीज गेली, ३.१०'. मी वही मिटली तेव्हा काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"दुरुस्ती छापा. माझ्याबद्दल जे लिहायचं ते लिहा. मला त्याचं काही नाही. पण लेख पाठवायचं थांबवू नका ग. अहवालाची हौस नाही मला. नवा लेख आला की हे त्या खुर्चीत बसतात, पेन्सिल घेतात. मी वाचते. तो तास-दीड तास ते माझ्याशी बोलतात. म्हणजे, माझ्याशी. बाकीच्या वेळी मी त्यांना कधी नर्स वाटते, कधी त्यांची आत्या."

"जुने लेख वाचून दाखवा ना. मी हवे तेवढे अंक पाठवते."

"करून पाहिलं. चहा घेतला की नाही ते आठवत नाही, पण दुसऱ्या पानावर म्हणतात, हा झालाय. आणि उठून जातात."

मी काही कबूल केलं नाही. सरांनी दारापर्यंत येऊन मला निरोप दिला आणि गॅसची तक्रार नाही असं सांगितलं. जिना उतरताना मी रडले. सरांसाठी की काकूंसाठी ते तेव्हा कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही.

परिशिष्टांना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले.

"विचारलं असतं तर परवानगी दिली असती," ते म्हणाले. "परीक्षकाला मदत घेता येते. मदत करणाऱ्याचं नाव आधी कळवायचं, बस. नियम आहे."

"काय विचारणार होत्या त्या? नवऱ्याला आता काही कळत नाही, असं लिहून देणार होत्या?"

"हो," ते म्हणाले. "अवघड आहे, मान्य. पण अकरा लेखकांचं काय? त्यांचा काय दोष?"

मी रोज दुसऱ्यांना हेच सुनावत असते.

मग जे करायचं ते केलं. पहिल्या दोन अहवालांत सरांचं किती ते ठरवता येईना, म्हणून अकराही लेखकांना पत्रं गेली: तुमचा लेख ज्यांच्याकडे दिला होता त्यांच्याऐवजी दुसऱ्याच व्यक्तीने वाचला, आम्ही दिलगीर आहोत, नव्याने परीक्षण करून घेतो. यात पाच महिने गेले. नव्या परीक्षकांनी दहा लेखांबद्दल तेच म्हटलं जे काकूंनी म्हटलं होतं, फक्त दीड ओळीत. एका लेखाच्या बाबतीत काकू जास्तच कडक वागल्या होत्या, हेही निघालं. दोन लेखकांनी आमची खरडपट्टी काढली, ती आम्ही निमूट ऐकून घेतली. एकाने लिहिलं, 'ती व्यक्ती कोण ते सांगू नका, पण तिच्यामुळे माझा लेख वाचण्याजोगा झाला एवढं तिला सांगा.'

अंकात छापायचं निवेदन मी लिहिलं. ज्याच्याविषयी निवेदन आहे त्याला ते आधी दाखवायची आमची पद्धत आहे, म्हणून काकूंना पाठवलं. दोन दिवसांत परत आलं, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. एका तारखेची चूक दाखवली होती, एक वाक्य लहान केलं होतं आणि 'बेपर्वाईने' या शब्दाभोवती वर्तुळ काढून लिहिलं होतं, 'हे काढावे. चूक होती, पण बेपर्वाई नव्हती.' मी तो शब्द काढला.

जुन्या लेखाची दुरुस्तीही वह्यांच्या आधारे छापली. सरांची सही घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून तसं कारण दिलं. त्यात एक वाक्य परिशिष्टांनी स्वतः घातलं, की मूळ मोजणी लेखकाच्या पत्नीने केली होती आणि लेखात तसा उल्लेख करायला हवा होता. पुढे काकूंचं नाव. मी म्हटलं, हे तळटीपेत टाकू या का? तर माझ्यावरच डाफरले, "मुख्य मजकुरात!"

अंक द्यायला मी स्वतः गेले. काकूंनी आपलं नाव वाचलं, मान हलवली आणि अंक बाजूला ठेवला. त्या लेखकाचा निरोप सांगितला तेव्हा मात्र त्यांनी चष्मा पुसला. सर त्या टेबलापाशीच्या खुर्चीत पेन्सिल घेऊन बसले होते. पुढ्यात काही नव्हतं.

"रोज बसतात," काकू म्हणाल्या. "अर्धा तास. मग उठून मला विचारतात, ताई, आमची ही कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ती डोकं ठिकाणावर नसल्यासारखी. नुकताच एक लेख आला होता, डोंगरातल्या तळ्यावरचा, तक्त्यांनी भरलेला. मी त्याची एक प्रत काढली, पाकिटात घातली, पाकिटावर सरांचा पत्ता लिहिला. कुणाला कळणार होतं? सर वाचणार नाहीत, काकू कुणाला सांगणार नाहीत. पाकीट तासभर माझ्या पुढ्यात पडून होतं. मग मी विचार केला, की आरशात फोटो उलटा करणारासुद्धा 'कुणाला कळणार' असंच म्हणाला असेल. मी प्रत बाहेर काढली, पाकीट फाडलं आणि तावातावाने परिशिष्टांच्या खोलीत गेले.

"ज्या बाईने अडतीस वर्षांपूर्वीची चूक आपण होऊन सांगितली, एकेचाळीस वह्या भरून मोजलं, तिला आपण परीक्षक का करत नाही? तिच्या नावाने? लपून केलं म्हणून शिक्षा झाली ना, झाली. आता उघड करू दे."

"पदवी नाही त्यांच्याकडे."

"दीड ओळ लिहिणाऱ्या सगळ्यांकडे आहे!"

मी ओरडले होते. बाहेरचे टाइप करायचे थांबले. परिशिष्टांनी एक कोरा कागद ओढला. मला वाटलं, आता मला मेमो. त्यांनी लिहिलं ते असं, की यापुढे लेखकांनी काचपट्ट्यांचे फोटोही द्यावेत, आणि दोन परीक्षकांखेरीज मोजणी तपासणारा एक तिसरा परीक्षक असावा, त्याला पदवीची नव्हे तर मोजणीच्या अनुभवाची अट असावी. संपादक मंडळाला तो कागद पटवायला त्यांना आणखी दीड महिना लागला, आणि त्यासाठी त्यांनी दोघांशी भांडण घेतलं, जे त्यांच्या स्वभावात अजिबात नाही.

डोंगरातल्या तळ्याचा लेख तोवर तसाच थांबला होता. तो फोटोंसकट काकूंच्या नावाने गेला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन केलेला.

"लेख मिळाला. ह्यांना वाचून दाखवू का? या वेळी विचारतेय."

मी फोनवर हात ठेवून परिशिष्टांना विचारलं. ते म्हणाले, "लेख घराबाहेर जाणार नाही ना? मग दाखवा म्हणावं. पण फॉर्मवर नाव लिहायचं."

"नाव लिहायचंय, काकू."

"लिहीन की," त्या म्हणाल्या. "त्यात काय."

अठराव्या दिवशी अहवाल आला. चार पानं, टाइप केलेली, तक्ता दोनची बेरीज तपासलेली, शेवटी लेखकाला कळवायचं एक चांगलं वाक्य. खाली आमचा नेहमीचा फॉर्म जोडलेला. त्यातला एक रकाना मी बावीस वर्षांत क्वचितच भरलेला पाहिलाय. त्यावर छापलेलं असतं, हे परीक्षण करताना कुणाची मदत झाली असल्यास नाव आणि मदतीचं स्वरूप. नावाच्या जागी काकूंनी सरांचं संपूर्ण नाव लिहिलं होतं, सगळ्या पदव्यांसह, एकही न गाळता. स्वरूपाच्या जागी लिहिलं होतं:

'शेजारी बसले. सगळं ऐकलं. चौथ्या फोटोपाशी मला नावाने हाक मारून म्हणाले, पुन्हा मोज, घाई करतेस. पुन्हा मोजलं. माझे चार कण सुटले होते.'